मोटारीची चकाकी आणि रंगाचा घसारा

'घसारा' हा शब्द आपल्या व्यापारी घरांना नवा नाही. मोटार, यंत्रे, फर्निचर वापराने झिजतात, म्हणून दरवर्षी त्यांच्या किमतीतून ठरावीक हिस्सा वजा करून ताळेबंद मांडायचा, हे दुकानात नुकत्याच बसू लागलेल्या मुलालाही ठाऊक असते. आयकराच्या हिशेबात मोटारीवर सर्वसाधारणपणे १५ टक्के घसारा धरला जातो. हा झाला कागदावरचा घसारा. मोटारीचा आणखी एक घसारा मात्र अक्षरशः घासण्यातून होतो, त्याची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही, आणि विशेष म्हणजे त्यासाठी पैसे आपणच मोजतो. सर्व्हिसिंगच्या बिलात 'रबिंग-पॉलिशिंग' अशी एक ओळ असते. गाडी चकचकीत होऊन परत येते, घरातील सर्वांना बरे वाटते आणि ती ओळ कोणी दुसऱ्यांदा वाचत नाही. ती नीट वाचावी, एवढ्याचसाठी हा लेख.

प्रथम, आपण घासतो ते काय, हे पाहू. आजच्या मोटारीच्या पोलादी पत्र्यावर एकूण चार थर असतात. सर्वांत खाली गंज रोखणारा, विजेच्या साहाय्याने बसवलेला थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा पातळ थर आणि सर्वांत वर पारदर्शक 'क्लिअर कोट'. आपण ज्याला गाडीची चकाकी म्हणतो ती या वरच्या बिनरंगी थराची. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या मापाने चारही थरांची मिळून जाडी साधारणपणे १०० ते १३० मायक्रॉन भरते. झेरॉक्सचा साधा कागद हाताशी असेल तर दोन बोटांत धरून पाहावा. पत्र्यापासून चकाकीपर्यंतचा सगळा रंग जवळपास त्या एका कागदाएवढा जाड असतो. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्म्या जाडीच्या आसपास. उन्हातील अतिनील किरणे खालच्या रंगापर्यंत पोहोचू न देणारी द्रव्ये याच थरात असतात. तो फार पातळ झाला की काही वर्षांत टपावर आणि बॉनेटवर पांढरट चट्टे उमटतात, पुढे त्याचे पापुद्रे सुटतात. मग कोणतेही पॉलिश कामाला येत नाही, तो पत्रा नव्याने रंगवावाच लागतो.

आता ओरखड्यांकडे वळू. उन्हात उभ्या केलेल्या काळ्या गाडीवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसतात. या रेषा क्लिअर कोटवर पडलेले अतिसूक्ष्म चर असतात. चराच्या कडांवर प्रकाश विखुरतो, म्हणून रंग फिका आणि धुरकट वाटतो. पॉलिश केल्याने चर 'भरून निघतो' अशी सार्वत्रिक समजूत आहे, वस्तुस्थिती उलट आहे. चराच्या तळापर्यंत आजूबाजूचा सगळा पृष्ठभाग खाली आणला जातो, तेव्हा तो चर नाहीसा होतो. जुना दागिना पॉलिश करून आणला की तो उजळतो आणि वजनाला किंचित घटतो, हे सराफी पेढीवरच्या वाचकांना सांगायला नको. येथेही तोच व्यवहार आहे. बारीक पॉलिशने सौम्य हाताने एकदा काम केले तर एखादा मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी जातो. कडक पॅड आणि जाड कंपाऊंड यांनी घासले तर दोन-चार मायक्रॉन सहज जातात. पाणी लावून पॉलिश पेपर मारला आणि नंतर त्याच्या खुणा काढल्या, तर त्याहूनही जास्त. चाळीस मायक्रॉनचे भांडवल गाडीच्या साऱ्या आयुष्याला पुरवायचे असेल, तर दरवर्षी चार मायक्रॉनची उचल परवडेल का, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

ही माहिती मी पुस्तकी ज्ञानावर विसंबून देत नाही. बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर माझ्या पुतण्याच्या दुकानाचे हिशेब पाहण्यासाठी मी आठवड्यातून दोन दिवस तेथे बसतो. सांगलीत त्याचा मोटारींच्या बाह्य देखभालीचा, ज्याला हल्ली 'डिटेलिंग' म्हणतात त्याचा, व्यवसाय आहे. सुरुवातीस खर्चाच्या वहीत 'पॅड' आणि 'कंपाऊंड' या दोन सदरांखाली दिसणारी रक्कम पाहून मी त्याला विचारले होते, की एकच चांगला पॅड आणि एकच चांगले कंपाऊंड आणून सगळ्या गाड्या का करत नाही? तो हसला आणि म्हणाला, "काका, तुम्ही सगळ्या कर्जदारांना एकाच व्याजदराने कर्ज देत होता का?" उत्तर मला पटले, आणि तेव्हापासून हा विषय मी नीट समजून घेतला.

यंत्राविषयी थोडक्यात सांगतो. पॉलिशिंगची यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची. 'रोटरी' यंत्रात पॅड एकाच आसाभोवती गरगर फिरतो. काम झपाट्याने होते, परंतु उष्णताही झपाट्याने वाढते आणि हात थोडा तिरका झाला तरी रंगावर वलयाकार छाया उमटतात. दुसरे 'ड्युअल ॲक्शन'. यात पॅड स्वतःभोवती फिरता फिरता लहानशा वर्तुळात घरंगळतो. हे वर्तुळ कोणत्या यंत्रात ८ मिलिमीटरचे, कोणत्यात १५ किंवा २१ मिलिमीटरचे असते. या प्रकारच्या बहुतेक यंत्रांत दाब जास्त झाला की पॅडचे फिरणे मंदावते किंवा थांबतेच, त्यामुळे नवशिक्याच्या हातून होणाऱ्या नुकसानीला एक नैसर्गिक लगाम राहतो. पॅडच्या मागच्या तबकडीवर मार्करने एक रेघ ओढून ठेवावी. यंत्र चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे, दिसेनाशी न होता एकाच जागी थरथरत राहिली तर दाब जास्त आहे असे समजावे. घरी स्वतः करू इच्छिणाऱ्याने ड्युअल ॲक्शनच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यापुढचा खरा प्रश्न पॅडचा. बाजारात फोम, मायक्रोफायबर आणि लोकर असे तीन प्रकार मिळतात. लोकरीचा पॅड सर्वांत जोरकस काम करतो. तंतू मोकळे असल्याने हवा खेळती राहते आणि फोमच्या तुलनेत तो कमी तापतो, म्हणून जुन्या डेंटर-पेंटर मंडळींचा त्यावर भरवसा असतो. मात्र तो स्वतःच्या बारीक रेघा मागे ठेवतो, त्या काढण्यासाठी नंतर फोमचा हात फिरवावाच लागतो. येथे एक गोष्ट आपल्या वाचकांसाठी मुद्दाम नोंदवतो. लोकरीच्या काही पॅडमध्ये लोकर मेंढीच्या कातड्यासकट असते, काही नुसत्या विणलेल्या लोकरीचे असतात आणि काहींत केवळ कृत्रिम तंतू असतात. वरून पाहून हा फरक नेहमी कळतोच असे नाही. ज्यांना याचे महत्त्व वाटते त्यांनी खरेदीच्या वेळी विचारून घ्यावे. पुतण्या तर लोकरीशिवायच बहुतेक सर्व कामे करतो, आणि गेल्या काही वर्षांत त्याचे कोठे अडल्याचे मला दिसले नाही.

मायक्रोफायबरचा पॅड म्हणजे पातळ फोमवर आखूड तंतूंचे दाट कापड. ड्युअल ॲक्शन यंत्रावर तो कडक फोमपेक्षाही जलद काम करतो. परंतु घासलेल्या रंगाची भुकटी त्याच्या तंतूंत अडकून राहते, आणि तीच पुढे नवे ओरखडे पाडू शकते. म्हणून प्रत्येक भागानंतर त्याला ब्रश मारणे किंवा हवेच्या झोताने तो मोकळा करणे अत्यावश्यक असते. मऊ रंगावर तो धुरकट छटा सोडतो हेही लक्षात ठेवावे.

फोम हा सर्वांत लवचीक आणि घरगुती कामास सर्वांत योग्य. कडक फोम जास्त 'काटतो', मऊ फोम जास्त 'उजळतो', हे त्याचे मूलतत्त्व. मधल्या पायऱ्या कंपनीगणिक दोन, तीन वा चार असतात. जाड पॅड यंत्राची बरीचशी हालचाल स्वतःतच जिरवून टाकतो, पातळ पॅड ती रंगापर्यंत पोहोचवतो. हल्लीच्या पॅडना मध्यभागी भोक असते, कारण उष्णता सर्वांत जास्त मध्यभागीच साठते. तबकडी पाच इंची असेल तर पॅड त्याहून किंचित मोठा, साडेपाच इंचांच्या आसपासचा घ्यावा, म्हणजे तबकडीची कड रंगाला लागत नाही. दाराच्या मुठीभोवती, आरशाखाली आणि नंबरप्लेटच्या आसपास तीन इंची पॅड लागतो. तेथे मोठा पॅड कोंबण्याचा मोह टाळावा.

आणि रंग! पॅडच्या रंगावरून त्याची जात ओळखण्याची जी पद्धत पडली आहे, तिने जेवढे घोटाळे केले असतील तेवढे दुसऱ्या कशाने केले नसतील. इटलीच्या 'रुपेस' कंपनीचा निळा पॅड सर्वांत कडक, आणि पिवळा मऊ, अखेरच्या हाताचा. अमेरिकेच्या 'लेक कंट्री' कंपनीच्या प्रसिद्ध मालिकेत मात्र पिवळाच सर्वांत जास्त काटणारा. 'थ्रीएम'च्या हिरवा-पिवळा-निळा या क्रमात निळा सर्वांत नाजूक, शेवटची झळाळी आणणारा. म्हणजे 'निळा पॅड द्या' एवढे सांगून दुकानातून जे हाती येईल, ते गाडीला साबणासारखे लागेल की कानशीसारखे, हे केवळ डब्यावरच्या नावावर अवलंबून. आपल्यापैकी ज्यांची ऑटो पार्ट्सची किंवा हार्डवेअरची दुकाने आहेत त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. गिऱ्हाईक रंग सांगेल, पण माल देताना कंपनी आणि 'कटिंग', 'पॉलिशिंग' की 'फिनिशिंग', या दोन गोष्टी विचारूनच द्याव्यात.

कंपाऊंडकडे वळण्यापूर्वी शब्दांचा थोडा उलगडा. 'कंपाऊंड' म्हणजे जास्त काटणारे, 'पॉलिश' म्हणजे कमी काटणारे. दोन्हींत घासणारे कण असतातच, आजच्या चांगल्या द्रव्यांत ते बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात. 'वॅक्स' आणि 'सीलंट' यांत असे कण नसतात, ते फक्त वरून संरक्षण करतात. आपल्याकडे बोलताना या तिन्हींना सरसकट 'पॉलिश' म्हणतात, आणि त्यातूनच "दर महिन्याला पॉलिश मारा, रंग टिकतो" असा सल्ला जन्मतो. वॅक्सच्या बाबतीत तो सल्ला निरुपद्रवी आहे. खऱ्या पॉलिशच्या बाबतीत तो दर महिन्याला मुदत ठेव मोडण्यासारखा आहे.

कणांचेही दोन स्वभाव असतात. एका प्रकारचे कण घासता घासता फुटून बारीक होत जातात. सुरुवातीस ते काटतात आणि शेवटी उजळतात. जर्मनीच्या 'मेंझर्ना'ची अनेक द्रव्ये या परंपरेतली म्हणून ओळखली जातात. अशा द्रव्याला पुरेसा वेळ द्यावा लागतो. अर्ध्यावर पुसून टाकले तर कण अजून जाडच असतात आणि रंग धुरकट राहतो. दुसऱ्या प्रकारचे कण मुळातच अतिशय बारीक आणि एकसारखे असतात, ते फुटत नाहीत. 'मेग्वायर्स'ची १०५ आणि २०५ क्रमांकांची जोडी याचे प्रसिद्ध उदाहरण. १०५ जोरदार काटते, २०५ शेवटचा हात देते. येथे काम किती होणार हे फिरवण्याच्या काळावर, दाबावर आणि पॅडवर ठरते. क्रमांकांवरूनही सरसकट निष्कर्ष काढू नये. मेंझर्नामध्ये ४०० हे जोरकस आणि ३५०० हे नाजूक, पण हे आकडे दुसऱ्या कंपनीच्या आकड्यांशी ताडून पाहण्यात काहीच अर्थ नसतो.

कंपाऊंडमधील तेलकट अंश हा आणखी एक विषय. घर्षण कमी राहावे म्हणून तो आवश्यक असतो, पण तो ओरखड्यांच्या चरांत बसून त्यांना तात्पुरते झाकतोही. काही स्वस्त द्रव्यांत तर झाकण्याचाच मुख्य उद्देश असतो. गाडी ताब्यात घेताना आरशासारखी, आणि तीन धुण्यांनंतर जशीच्या तशी, हा अनुभव अनेकांचा असेल. म्हणून चांगला कारागीर एका भागाचे काम संपल्यावर पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग पुसतो आणि मगच विजेरीच्या प्रकाशात पाहतो. तेल गेल्यावर जे दिसते तेच खरे. गाडी पॉलिशला देताना 'पुसून दाखवाल का?' असा एक प्रश्न नम्रपणे विचारावा. उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावरून बरेच कळते.

मग निवड करायची कशी? एकाच कंपाऊंडचे वर्तन पॅड बदलल्याने पालटते. सौम्य पॉलिश कडक पॅडवर अपेक्षेहून जास्त काटते, आणि जोरकस कंपाऊंड मऊ पॅडवर मवाळ होते. शिवाय प्रत्येक गाडीचा क्लिअर कोट वेगळा. काही कंपन्यांचा तो कठीण असतो. मर्सिडीजने २००३च्या अखेरीस अतिसूक्ष्म सिरॅमिक कण मिसळलेला क्लिअर कोट वापरण्यास सुरुवात केली, तो घासायला चिवट म्हणून कारागिरांत ओळखला जातो. काही जपानी गाड्यांचा रंग, विशेषतः काळा, मऊ असल्याचा अनुभव आहे. मऊ रंगाची एक खोड अशी की त्यावरचे ओरखडे सहज निघतात, पण पॅड स्वतःच नवे, बारीक ओरखडे पाडतो. शेवटचा हात देणे तेथे कठीण. कठीण रंगाचे नेमके उलट. ओरखडे निघता निघत नाहीत, पण एकदा निघाले की चकाकी आपोआप येते. म्हणून 'अमुक गाडीला अमुक पॅड' असा तक्ता कोणी दिला, तर त्याकडे अंदाज म्हणूनच पाहावे.

सोने आधी कसोटीच्या दगडावर घासतात, मग भाव करतात. पॉलिशिंगमध्ये त्या कसोटीला 'टेस्ट स्पॉट' म्हणतात. गाडी धुऊन, क्लेने रंगात रुतलेली धूळ आणि लोहकण काढून, बॉनेटवर दीड-दोन फुटांचा एक चौकोन कागदी टेपने आखायचा. त्यावर सर्वांत सौम्य जोडी, म्हणजे मऊ पॅड आणि बारीक पॉलिश, वापरून पाहायची. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब पुरतात. मंद गतीवर पसरवायचे, मग यंत्राच्या सहापैकी चौथ्या-पाचव्या गतीवर, सेकंदाला इंचभर इतक्या संथपणे, आधी आडवे मग उभे, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर अर्धी चढवत तीन-चार फेरे मारायचे. पुसायचे, अल्कोहोलने पुसायचे, प्रकाशात पाहायचे. ओरखडे पुरेसे गेले असतील तर तीच जोडी साऱ्या गाडीला. गेले नसतील तर एकच गोष्ट बदलायची, आधी पॅड, आणि तरीही भागले नाही तर कंपाऊंड. दोन्ही एकदम बदलले तर कशाने काम झाले हे कळत नाही, आणि गरजेहून जास्त जोर लागण्याची शक्यता राहते. ही शिस्त मला बँकेतल्या तपासणीसारखी वाटते. अर्धा तास जातो, पण गेलेला मायक्रॉन परत येत नसल्याने तो अर्धा तास स्वस्तच म्हणायचा.

या साऱ्याचा कस लागला तो गेल्या वर्षी, आमच्याकडच्या एका हळद व्यापाऱ्यांच्या गाडीवर. काळी सेडान, वय पाच वर्षे. नातीचे लग्न तीन आठवड्यांवर आले होते आणि वरातीत हीच गाडी पुढे राहणार होती. "एक काळी रेघ दिसता कामा नये," एवढीच अण्णांची मागणी. म्हणजे खरे तर पांढरी रेघ. बोलता बोलता त्यांनी सांगितले, की गाडी घेतल्यापासून दरवर्षी सर्व्हिसिंगबरोबर 'रबिंग' करून घेतले आहे, ते पॅकेजमध्येच असते.

पुतण्याने रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र काढले. हे यंत्र धातूवरील रंगाची एकूण जाडी सांगते. प्लॅस्टिकच्या बंपरवर ते चालत नाही, आणि त्यातला क्लिअर कोट किती हेही ते वेगळे सांगू शकत नाही. टपावर ११० ते ११५ मायक्रॉन आले. दारांवर १०५. बॉनेटवर मात्र ८०, काही जागी ७६, आणि पुढच्या कडेजवळ त्याहूनही कमी. कारखान्यातही प्रत्येक पत्र्यावरची जाडी थोडी वेगवेगळी असते हे खरे, परंतु तीस मायक्रॉनचा फरक त्याने भरून निघत नाही. टपाला फारसे कोणी घासत नाही, बॉनेट मात्र सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. पाच वर्षांच्या 'मोफत' रबिंगची नोंद त्या पत्र्यावर झालेली होती.

पुतण्याने जे आहे ते सांगितले. टप, दारे आणि डिकीवर पूर्ण काम करू, दोन टप्प्यांत. बॉनेटवर मात्र मऊ पॅड आणि बारीक पॉलिश यांचा एकच हात, त्यापुढे नाही. रेघा निम्म्या जातील, निम्म्या राहतील, राहिलेल्यांवर वॅक्स. अण्णांना ते रुचले नाही. पैसे देतो आहे, लग्नाची गाडी आहे, आणि ज्या पत्र्यावर हार घालायचा तोच अर्धवट? मी गल्ल्यावर होतो. मधे बोलणे मला प्रशस्त वाटेना, कारण गिऱ्हाईक जुने आणि नाते घरोब्याचे. दोन दारे पलीकडे हेच काम 'शंभर टक्के' करून देणारा बसला होता, आणि हे अण्णांनाही ठाऊक होते.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी ८०चा आकडा पुन्हा एकदा दाखवायला सांगितला, टपाचाही. आणि स्वतःच म्हणाले, "हळदीला ड्रममध्ये पॉलिश करतो तेव्हा वरचं खरबरीत साल जातं, रंग खुलतो, वजनात घट येते. घट किती धरायची ते आधी ठरवलेलं असतं. पण पॉलिश झालेली हळद पुन्हा पुन्हा ड्रमात घातली, तर हातात भुकटी येईल." त्यांनी गाडी ठेवली. बॉनेटवर उन्हात नीट पाहिले तर आजही काही रेघा दिसतात. वरात सायंकाळची होती. यंदा सर्व्हिसिंगला गाडी देताना अण्णांनी जॉब-कार्डावरची रबिंगची ओळ स्वतःच्या पेनाने खोडली, हे त्यांनीच दुकानात येऊन सांगितले.

कामाच्या वेळच्या काही गोष्टी मात्र राहून जाऊ नयेत. पत्र्याच्या कडा आणि घड्या यांवर रंग सर्वांत पातळ असतो आणि पॅडचा दाब तेथेच एकवटतो, म्हणून त्यांवर कागदी टेप लावून मगच यंत्र हातात घ्यावे. प्लॅस्टिकचा बंपर उष्णता वाहून नेत नाही, तेथे रोटरी यंत्र क्षणभर जास्त रेंगाळले तरी रंग भाजतो. उन्हात तापलेल्या पत्र्यावर कंपाऊंड लगेच वाळून त्याची भुकटी होते. आपल्या एप्रिल-मे महिन्यांत हे काम सावलीत, शक्यतो सकाळी, पत्रा हाताला गार लागत असतानाच करावे. नखाला अडकणारा ओरखडा पॉलिशने काढण्याचा हट्ट धरू नये. तो बहुधा क्लिअर कोटच्या बऱ्याच खाली गेलेला असतो. कोणाच्या घरी जुनी ॲम्बेसेडर किंवा पद्मिनी मूळ रंगासह जपलेली असेल, तर तिच्यावर क्लिअर कोट नसतो. पॅडवर गाडीचाच रंग उतरलेला दिसेल. त्याने घाबरू नये, पण मर्यादा तेथेही तीच.

एवढे सारे करून ओरखडे पुन्हा पडणार असतील, तर उपयोग काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे ओरखडे मुख्यतः रस्त्यावर पडत नाहीत, ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी सहा वाजता पडतात. एक बादली, एक फडके आणि वीस गाड्या. कोरड्या धुळीवर फडके फिरले की ती धूळच पॉलिश पेपर होते. साखर कारखान्यांच्या हंगामात आमच्या भागात गाड्यांवर बगॅसची काजळी बसते, ती पुसली तर पसरते आणि घासली तर कोरते. पुसणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला स्वतःची वेगळी बादली, दोन मायक्रोफायबरची फडकी आणि आधी पाणी मारण्याची सूचना आपणच द्यायला हवी. बोअरचे पाणी जड असेल तर गाडी उन्हात वाळू देऊ नये, क्षारांचे पांढरे ठिपके रंगावर बसतात आणि ते काढण्यासाठी पुन्हा घासण्याची वेळ येते. वर संरक्षक थर हवा असेल तर वॅक्स किंवा सीलंट लावावे. कार्नौबा वॅक्स ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांपासून मिळते, परंतु अनेक मिश्रणांत मधमाश्यांचे मेणही असते, तेव्हा डब्यावरचा मजकूर वाचून घ्यावा. पूर्णतः कृत्रिम सीलंट हा त्याला चांगला पर्याय आहे.

शेवटी पॅडच्या निगेविषयी, कारण खर्चाच्या वहीतील ती रक्कम कमी करण्याचा मार्ग येथेच आहे. एका गाडीला एकाच प्रकारचे निदान चार पॅड हाताशी ठेवावेत आणि आळीपाळीने वापरावेत. तेलाने आणि भुकटीने भिजलेला पॅड तापतो, काम कमी करतो आणि लवकर फाटतो. एका पॅडवर दोन वेगवेगळी कंपाऊंड कधीही घेऊ नयेत, धुतल्यानंतरही. पुतण्या पॅडच्या मागच्या बाजूस कंपाऊंडचे नाव लिहून ठेवतो. काम संपल्यावर लगेच कोमट पाण्यात सौम्य साबणाने दाबून धुवावे, पिळू नये. नंतर रिकाम्या बादलीत यंत्रावर मंद गतीने फिरवून पाणी झटकावे आणि घासणारी बाजू खाली करून सावलीत वाळत ठेवावा, म्हणजे ओल मागच्या डिंकात उतरत नाही. पुरता वाळल्यावर झाकणाच्या डब्यात ठेवावा. उघड्या फळीवर राहिलेल्या पॅडवर बसलेली धूळ पुढच्या गाडीवर काय करील, हे आता सांगायला नको.